मृत्युपत्र नसताना वारस कोण आणि हिस्सा किती, हे कसे ठरवावे

घरातले माणूस गेले की तेराव्यापर्यंत कोणी कागदांना हात लावत नाही. त्यानंतर बँकेचे पासबुक, सोसायटीचे भागपत्र आणि सातबारा बाहेर निघतो आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो 'नॉमिनी कोणाला केले होते?' हा. वास्तविक हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. मृत्युपत्र केलेले नसेल तर मिळकत कोणाची हे कायदा ठरवतो, आणि तेही त्या व्यक्तीच्या मृत्यूच्या क्षणीच ठरते. नॉमिनीचे नाव, फेरफार (महसुली दप्तरातल्या नावातला बदल), वारस दाखला हे सगळे नंतर येते आणि त्यातले काहीही नव्याने मालकी निर्माण करत नाही. म्हणून कार्यालयांच्या पायऱ्या चढण्यापूर्वी घरी बसून चार गोष्टी क्रमाने ठरवाव्यात: मृताला कोणता कायदा लागू होता, मिळकतीपैकी खरोखर त्याची किती होती, त्या दिवशी कोणकोण हयात होते, आणि त्यांचे हिस्से किती.

कोणता कायदा लागू होतो

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे. मुस्लिम कुटुंबात वाटप मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने होते. तेथे अपत्ये असतील तर विधवेला एक अष्टमांश मिळतो, मुलाचा हिस्सा मुलीच्या दुप्पट असतो, आणि एक मुलगा हयात असताना आधी वारलेल्या दुसऱ्या मुलाच्या अपत्यांना आजोबांच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांसाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम आहे. ख्रिस्ती पुरुषाच्या मागे पत्नी आणि मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश जाते. गोव्यात धर्म कोणताही असो, पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला स्वतंत्र कायदा चालतो. त्यात मिळकत सर्वसाधारणपणे पती-पत्नींची निम्मी-निम्मी मानली जाते, म्हणून एकाच्या मृत्यूनंतर वारसा उघडतो तो फक्त त्याच्या अर्ध्या भागापुरता. सिंधुदुर्गात घर आणि गोव्यातल्या पेडण्यात बागायत असलेल्या कुटुंबांनी ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी.

विवाह नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली झाला असेल तर गोंधळ होतो. पती-पत्नी दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर त्यांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू राहतो. दोघांपैकी एक या धर्मांबाहेरचा असेल तर १९२५ चा कायदा लागू होतो.

मृताचे नेमके काय होते

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, आणि त्यांचे मूळ 'वडिलोपार्जित' या एका शब्दात आहे. आजोबांकडून वडिलांकडे आलेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जित आणि तिच्यात नातवाचा जन्मतः हक्क, अशी समजूत गावोगाव आहे. कायदा तसे म्हणत नाही. आजोबा १९५६ नंतर वारले, जमीन त्यांची स्वतःची होती आणि ती वडिलांना या कायद्याने वारसा म्हणून मिळाली, तर ती वडिलांची वैयक्तिक मिळकत होते. सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन प्रकरणात १९८६ मध्येच हे स्पष्ट केले आहे. अशी जमीन वडील विकू शकतात, आणि वडील हयात असताना मुलाला त्यात वाटणी मागता येत नाही. याउलट जी मिळकत पिढ्यान्पिढ्या एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आली, किंवा अशा एकत्र मिळकतीच्या वाटणीत वडिलांच्या वाट्याला आली, तिच्यात मुलामुलींचा जन्मतः हक्क असतो.

हा फरक सातबाऱ्यावरच्या आजच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी जुने फेरफार काढावे लागतात. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसली तर तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून लागला होता, एकटा मालक म्हणून नव्हे. 'अ.पा.क.' असेल तर एखाद्या अज्ञानाचे (अल्पवयीन मुलाचे) नाव पालकासह लागले होते. बहिणींची नावे कब्जेदार सदरात न लावता 'इतर हक्कात' ढकलण्याची रीतही जुन्या नोंदींत सर्रास आढळते. केवळ तेवढ्यावरून त्यांचा वारसाहक्क कमी होत नाही.

मिळकत एकत्र कुटुंबाची निघाली तर आधी कागदावर अशी कल्पना करायची की मृत्यूच्या अगदी आदल्या क्षणी वाटणी झाली. त्या वाटणीत मृताच्या वाट्याला जे आले असते तेवढ्याचाच वारसा वाटायचा. वडील, आई, एक मुलगा आणि एक मुलगी असे कुटुंब असेल तर कल्पित वाटणीत चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा येतो, कारण आपल्याकडच्या रीतीनुसार बाप-लेकांच्या वाटणीत पत्नीलाही हिस्सा मिळतो. वडील वारल्यावर त्यांचा पाव हिस्सा उरलेल्या तिघांत सारखा वाटला जातो आणि शेवटी प्रत्येकाला एक तृतीयांश मिळतो.

मुलगी या हिशेबात मुलाच्या बरोबरीने धरली जाते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींपुरती ही दुरुस्ती केली होती. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको यावर वर्षानुवर्षे उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी यामुळे मोडत नाही. 'आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली होती' एवढे म्हणणे भावांना सहसा पुरत नाही.

पुरुष वारला असेल तर

स्वकष्टार्जित मिळकत असो वा एकत्र मिळकतीतला त्याचा हिस्सा, तो प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जातो. यात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई येतात. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुले, तसेच आधी वारलेल्या मुलीची मुले येतात. आणि त्याच रीतीने पुढच्या एका पिढीतील काही वारस येतात. वडील या यादीत नाहीत, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. आई पहिल्या वर्गात आहे, वडील दुसऱ्या वर्गात. जावईही वारस नाही: मुलगी आधी वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या मुलांना जातो, तिच्या पतीला नाही.

हिशेब एका उदाहरणाने पाहू. पुण्यात साठ लाखांची सदनिका असलेले गृहस्थ वारले. मागे त्यांची आई, पत्नी, एक मुलगा आणि विवाहित मुलगी आहे. दुसरा मुलगा तीन वर्षांपूर्वी वारला असून त्याची पत्नी आणि दोन मुले आहेत. येथे माणसे सात असली तरी हिस्से पाच पडतात: आई, पत्नी, हयात मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी बारा लाख, आणि वारलेल्या मुलाच्या शाखेला मिळून बारा लाख, जे सून आणि दोन नातवंडे प्रत्येकी चार लाख असे घेतात. 'घर बायकोच्या नावावर होईलच' असे गृहीत धरून बसलेल्या विधवेला प्रत्यक्षात पाचवा हिस्सा मिळतो.

आईच्या हिश्शाकडे तर जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. मुलामागून आई पुढे वारली आणि तिनेही मृत्युपत्र केले नसेल, तर तिचे बारा लाख तिच्या सर्व अपत्यांत वाटले जातात, म्हणजे मृताच्या भावा-बहिणींनाही त्यात वाटा मिळतो. सदनिकेची नोंद वर्षानुवर्षे न केल्याने दीर आणि नणंदा अचानक हिस्सेदार म्हणून उभ्या राहतात, त्याचे कारण हे आहे. त्यांना कोणी घुसवलेले नसते.

वर्ग एकमध्ये कोणीच नसेल तर वर्ग दोन, त्यात वरच्या क्रमांकाचे वारस खालच्यांना वगळतात. वडील हयात असतील तर सर्व त्यांना. ते नसतील तर पुढच्या क्रमांकात भाऊ आणि बहिणी येतात, आणि येथे एक कठोर नियम आहे: अविवाहित काका वारले, एक भाऊ व एक बहीण हयात आहेत आणि दुसरा भाऊ आधीच गेला आहे, तर त्या गेलेल्या भावाच्या मुलांना, म्हणजे पुतण्यांना, काहीही मिळत नाही. शाखेचा हिस्सा ही सोय मुले-नातवंडांसाठी आहे, भावंडांसाठी नाही. त्यांच्याहीनंतर पुरुषांमार्फत जोडलेले भाऊबंद, मग इतर नातलग, आणि कोणीच नसेल तर मिळकत सरकारजमा होते.

स्त्री वारली असेल तर

स्त्रीच्या मिळकतीचा क्रम वेगळा आहे आणि माझ्या मते तो आजच्या काळाला न शोभणारा आहे. पहिला हक्क मुले, आधी वारलेल्या अपत्यांची मुले आणि पती यांचा. ते कोणी नसतील तर पतीचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे स्वतःचे आईवडील. म्हणजे निपुत्रिक विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेले घर तिच्या आईच्या आधी दिराकडे जाऊ शकते. लग्नानंतर तीन महिन्यांत पती गमावलेल्या आणि सासरने बाहेर काढलेल्या एका स्त्रीची माहेरी शिकून-कमावून जमवलेली ठेव शेवटी पतीच्या नातलगांना मिळाली. २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या निकालात सहानुभूतीने कायदा बदलता येत नाही, असेच सर्वोच्च न्यायालयाला म्हणावे लागले.

याला दोन अपवाद आहेत. मूलबाळ मागे नसेल तर आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि पती किंवा सासऱ्याकडून वारशाने आलेली पतीच्या वारसांकडे. 'वारशाने' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेल्या जमिनीला हा अपवाद लागू होत नाही.

नेहमी अडणाऱ्या नात्यांविषयी

वेगळी राहणारी, पण घटस्फोट न झालेली पत्नी पूर्ण वारस असते. घटस्फोटित पत्नी नसते. पहिले लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाच्या पत्नीला वारसा नाही, पण त्या संबंधातील मुलांना वडिलांच्या मिळकतीत इतर मुलांइतकाच हक्क आहे, आणि १ सप्टेंबर २०२३ च्या निकालानुसार एकत्र मिळकतीतल्या वडिलांच्या कल्पित हिश्शातही. दत्तक गेलेले मूल दत्तक घराचे वारस होते, जन्मघराचे नव्हे. गर्भात असलेले मूल जिवंत जन्मले तर वडिलांच्या मृत्यूच्या वेळी जन्मलेलेच मानले जाते. खून करणारा, किंवा खुनाला मदत करणारा, मृताचा वारस होत नाही. एकाच अपघातात दोघे गेले आणि कोण आधी गेले हे कळत नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत लहान वयाची व्यक्ती मागून वारली असे धरतात.

नॉमिनीचे स्थान

बँक, सोसायटी किंवा कंपनी यांना कोणाच्या हाती रक्कम किंवा भाग सोपवून मोकळे व्हायचे, यासाठी नामनिर्देशन असते. नॉमिनी ती मिळकत वारसांसाठी सांभाळतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितले. गृहनिर्माण सोसायटीत महाराष्ट्राच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात. कायम सभासदत्व वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कुटुंबातील वाटपाच्या दस्तावरून मिळते. आयुर्विम्याचा विचार मात्र वेगळा करावा, कारण २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी कायद्यात निराळी तरतूद आहे. कुटुंब निवृत्तिवेतनही मृताची मिळकत नसते. ते नोकरीच्या नियमांप्रमाणे पात्र व्यक्तीलाच मिळते.

कागद कोणत्या क्रमाने करावेत

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्याव्यात. दाखल्यावरचे नाव आणि सातबारा, खरेदीखत, आधार यांवरचे नाव जुळते का हे त्याच वेळी तपासावे, कारण 'पांडुरंग' आणि 'पांडु' यांतला फरक पुढे प्रत्येक टेबलावर आडवा येतो. मग वंशावळ लिहावी: मृताचे सर्व वारस, त्यांची वये, पत्ते, आणि आधी वारलेल्यांच्या मृत्यूच्या तारखा. बहीण परदेशात आहे किंवा बोलणे बंद आहे म्हणून तिचे नाव गाळू नये. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

शेतजमिनीसाठी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. वारसांची नोंद आधी गाव नमुना सहा-क मध्ये होते, मग फेरफार लिहिला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२५ मध्ये मृत खातेदारांची नावे कमी करण्यासाठी राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, यावरून ही साधी नोंद किती घरांत राहून जाते ते दिसते. शहरातील मिळकतीसाठी हेच काम नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर होते. घरपट्टीचे नाव पालिकेत किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठला वेगळे बदलावे लागते.

बँकेतील ठेवी, शेअर, रोखे आणि येणी यांसाठी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घेतात. स्थावर मिळकतीसाठी ते चालत नाही. तेथे १८२७ च्या मुंबई विनियमाखालील वारस दाखला लागतो. दोन्हींची गल्लत करून चुकीचा अर्ज लावल्याने महिने वाया जातात. लहान रकमांसाठी मात्र बँका वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र घेऊन न्यायालयाविनाही दावा निकाली काढतात, म्हणून आधी शाखेत लेखी विचारावे.

हक्कसोड करताना

सर्व नावे लागल्यानंतर घर किंवा जमीन एकाकडे ठेवायची असेल तर इतर वारस हक्कसोडपत्र करून देतात. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते. नोटरीसमोरच्या किंवा तलाठ्याकडे दिलेल्या संमतीने मालकी जात नाही. हक्क सोडता येतो तो दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात. भाचा किंवा जावई हिस्सेदार नसेल तर त्याच्या नावे दिलेला दस्त हा बक्षीस किंवा विक्री ठरतो आणि त्याचे मुद्रांक शुल्क निराळे. जवळच्या नात्यात विनामोबदला केलेल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मात्र ठरावीक आणि अत्यल्प शुल्क लागते.

भाऊबीजेला साडीचोळी द्यायची आणि त्याच ताटाखाली हक्कसोडीचा कागद सरकवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माहेर बंद होईल या भीतीने बहीण सही करते. तिला हिस्सा नको असेल तर तो तिचा निर्णय आहे, पण त्यापूर्वी मिळकतीचे आजचे मूल्य आणि आपला हिस्सा तिला माहीत असावा. नोंदवलेले हक्कसोडपत्र नंतर फिरवणे फार कठीण असते. अज्ञान वारसाच्या वतीने आईनेही न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा सोडू नये. मूल सज्ञान झाल्यावर असा दस्त रद्द करून मागू शकते. परदेशातील वारसाने कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

मृताचे कर्ज असेल तर वारसांची जबाबदारी वारशाने आलेल्या मिळकतीपुरतीच असते. सातबाऱ्यावर गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) असेल तर तो जमिनीबरोबर येतो. तो फेडून कमी करून घेतल्याशिवाय वाटप करणे म्हणजे पुढच्या भांडणाची सोय आहे.

जमत नसेल तर

फेरफार चुकीचा झाला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण महसुली नोंद ही सारा वसुलीसाठी असते. हिस्सा किती हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक सहहिस्सेदाराला पक्षकार करावे लागते, अन्यथा दावा त्याच कारणाने अडतो. दावा चालू असताना एखादा वारस आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकू पाहत असेल, तर वर्ग एकच्या इतर वारसांना तो प्रथम विकत घेण्याचा हक्क कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे, आणि किमतीवर एकमत नसेल तर ती न्यायालय ठरवते. शेतजमीन असेल तर हुकूमनामा झाल्यावर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रत्यक्ष बांध घालून सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून, वाटप महसूल खाते करते.